ओर्मिदासचे स्वतःचे दात

११ मार्च १९६२, रविवार. रात्री कडाक्याची थंडी, दुपारी लख्ख ऊन. मेपलच्या झाडांतून रस या मोसमात आज पहिल्यांदा धावला. चर्चमध्ये मिस्सा साडेनऊची, फादर फार वेळ बोलले. दुपारी ग्राझिएलाचे वडील जोझाफा लेसार आले. ओर्मिदास आणि ग्राझिएला यांचे लग्न ५ मे रोजी ठरले. जोझाफांनी आहेर म्हणून ओर्मिदासला दात दिले. ओर्मिदासने जेवताना सहा बटाटे खाल्ले, एरवी चार खातो.

त्या दिवशीच्या नोंदीत ‘दात दिले’ एवढेच आहे, कारण आमच्या सेंत-ओनोरिन गावात त्याहून जास्त लिहायची गरज नव्हती. लग्न ठरले की वडीलधारे पूर्ण कवळी आहेर देत, आणि त्याआधी एका सकाळी तोंडातले उरलेसुरले सगळे दात उपटून टाकत. मग जन्मभर ठणका नाही की दंतवैद्याचे उंबरे झिजवणे नाही. मला माझ्या वडिलांनी अठराव्या वर्षी दिले. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या तिघी मैत्रिणींनाही त्याच उन्हाळ्यात मिळाले, त्यामुळे निरोपाच्या फोटोत आम्ही चौघी बहिणी-बहिणी दिसतो.

ओर्मिदास माझा धाकटा दीर. मी या घरात आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला मुलगा होता आणि कोटाच्या दोन्ही खिशांत उकडलेले गरम बटाटे घेऊन हिंडायचा, एक खायला आणि एक हात शेकायला. उंच, खांदे पडलेले, बोलणे अगदी कमी. घोड्यांची खोगिरे शिवायचा, पिंपे दुरुस्त करायचा, आणि मोसमात माझ्या यजमानांबरोबर, वियातेरबरोबर, लेसारांच्या रानात मेपलना रसासाठी तोट्या ठोकायला जायचा. दूध, पाव, लोणी, डुकराचे मांस, वाटाण्याचे सूप, सगळे आडवा हात मारून खायचा. गोड मात्र काही नाही. साखर नाही, मध नाही, सफरचंदाची फोडसुद्धा नाही. शिजवलेल्या घेवड्यात काकवीचा थेंब पडला तरी त्याला वासावरून कळायचे आणि तो ताट सरकवायचा.

सासूबाई सांगत की तान्हेपणी तो रडू नये म्हणून फडक्यात साखरेची पुरचुंडी बांधून चोखायला दिली, तर तो पांढराफटक पडला आणि घामाने भिजला. पुन्हा दिली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने ती आजीच्या अंगावर थुंकली. त्यानंतर त्याला कोणी फसवू शकले नाही.

आता आमच्याकडे रस धावतो तो नेमका उपासाच्या चाळीस दिवसांत. देवाने हे असे का ठेवले ते कॉन्व्हेंटमध्येही कोणी सांगितले नाही. सगळे गाव ईस्टरपर्यंत गोड सोडून बसलेले, आणि सगळ्या रानात त्या रसाच्या उकळत्या पाकाचा वास. सात वर्षांचा ओर्मिदास बर्फावर ओतलेल्या गोळीबंद पाकाकडे पाठ करून उभा आहे, असे त्या वेळच्या फादरांनी एकदा पाहिले. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात नाव न घेता एका मुलाच्या नवसाचा दाखला दिला, आणि सगळ्या चर्चने वळून ओर्मिदासकडे बघितले. तेव्हापासून तो दाखला दर वर्षी येत असे. फादर बदलले, दाखला बदलला नाही. ओर्मिदासने कसलाही नवस केला नव्हता. त्याला मळमळत होते म्हणून त्याने तोंड फिरवले होते. पण हे त्याला कोणी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय तो बोलत नसे.

अशा रीतीने चौतिसाव्या वर्षी त्याच्या तोंडात सगळेच्या सगळे दात होते. आमच्या गावात असे दृश्य दुसरे नव्हते. ग्राझिएला लेसार त्याच्या प्रेमात पडली तीही त्यामुळेच. तिच्या वडिलांच्या रानात एक लाकडी तोटी खोडात गोठून बसली होती आणि पक्कड खोपटात राहिली होती. ओर्मिदास वाकला, तोटी दातांत धरली आणि मान मागे घेतली. तोटी निघून आली. ग्राझिएला शेजारी बादली घेऊन उभी होती. त्या दिवशी आपण अर्धा रस बर्फात सांडला, असे तिने मला स्वतः सांगितले.

जोझाफांना पाच जावई आधीच होते. पाचांनाही त्यांनीच दात दिलेले, एकाच दंतवैद्याकडून, एकाच साच्यातले. लेसारांच्या घरातल्या फोटोत पाच निरनिराळे चेहरे आणि एकच हसू दिसते. एका नाताळात दोघा जावयांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली ती ईस्टरपर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाही.

त्या रविवारी ते गेल्यावर ओर्मिदास चुलीपाशी येऊन उभा राहिला.

“वहिनी, माझे दुखत नाहीत.”

“मग तसं सांग त्यांना.”

“सांगितलं. म्हणाले, अजून दुखत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी तो दंतवैद्याकडे गेला, म्हणजे निदान तो तरी काही बोलेल. दंतवैद्याने तोंडात दिवा धरला, आरसा फिरवला, आणि बाहेर ताटकळलेल्या लोकांना एकेक करून आत बोलावून ते दाखवले. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. दात उत्तम आहेत, हिरड्या उत्तम आहेत, असे त्याने मान्य केले. पण जोझाफांनी कवळी करायला टाकलीही होती, थोरल्या जावयाच्या मापाची, आणि झालेले काम त्याला वाया घालवायचे नव्हते.

मग जोझाफा पुन्हा आले. या खेपेस त्यांनी मनातले सांगितले. दातांचे त्यांना एवढे काही नव्हते. हा माणूस इतकी वर्षे आपल्या रानात राबतो आणि आपल्या पाकात बोटसुद्धा बुडवत नाही, हे त्यांना खुपत होते. रविवारी लोक त्याच्याकडे वळून बघत तेव्हा त्यांना वाटे की आपला पाक म्हणजे पाप आहे असे फादर सर्वांसमोर सांगत आहेत. उपासाच्या मध्यावर आमच्याकडे एक गुरुवार येतो. त्या दिवशी मुखवटे घालून हिंडायचे, आणि तेवढा एक दिवस गोडाची मुभा असते. त्या गुरुवारी ओर्मिदासने लेसारांच्या पाक उकळायच्या खोपटात यावे, असे जोझाफांचे म्हणणे पडले.

“एक तर माझा पाक खा, ओर्मिदास, नाहीतर माझे दात घाल,” ते म्हणाले. “दोन्हींना नाही म्हणून माझ्या घरात अजून कोणी आलेलं नाही.”

ग्राझिएला दारातच उभी होती. ती म्हणाली, “बाबा, त्याचे दात मी बघूनच हो म्हटलंय. ते आता माझे आहेत.”

“तुझे तुझ्या तोंडात आहेत. मीच दिलेत,” जोझाफा म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

ओर्मिदास फादरांकडे गेला. आपण नवस केलेलाच नाही, आपल्याला गोडाने भोवळ येते, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. फादरांना हा नम्रपणा वाटला. त्यांचे डोळे पाणावले. न केलेल्या नवसातून त्यांनी त्याला एका दिवसापुरते मोकळे केले आणि डोक्यावर हात ठेवला. ओर्मिदास घरी आला तो पूर्वीपेक्षाही पवित्र होऊन.

“खाऊन टाकतो, वहिनी,” तो म्हणाला. “एक दिवस भोवळ आली तर आली. दात पुन्हा येत नाहीत.”

मी त्याला कमी खा म्हटले. याहून चांगला सल्ला मला सुचला नाही.

त्या गुरुवारी लेसारांचे खोपट गच्च भरले. नवस सुटताना बघायला शेजारच्या गावांतूनही माणसे आली होती. सगळे मुखवट्यात: डुकरे, अस्वले, बायकांच्या झग्यातले पुरुष, मिशा रंगवलेल्या बायका. जोझाफा सैतान झाले होते. ते दर वर्षी सैतानच होत, शिंगे त्यांची स्वतःची होती, म्हणजे त्यांच्या जुन्या बैलाची. त्यांनी उकळता पाक बर्फावर ओतला, तो घट्ट झाल्यावर काडीला गुंडाळला आणि ओर्मिदासच्या हातात दिला. ओर्मिदासने डोळे मिटून तो खाल्ला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“एवढ्याने मांजराचंही पोट भरत नाही,” जोझाफा म्हणाले आणि दुसरी काडी दिली. तीही त्याने खाल्ली.

फिडल सुरू झाले. थोड्या वेळाने मी बघितले तर ओर्मिदास भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. तो बाहेर गेला, सगळे ओकला, आणि बर्फात बसला. मी नाव विचारले तर त्याने घोड्याचे नाव सांगितले. मग तो आडवा झाला.

नवस मोडला म्हणून देवाने शिक्षा केली, असे कोणीतरी म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटले. एका अस्वलाने गुडघे टेकून जपमाळ सुरू केली. त्याच्यामागे डुकरे बसली, मग बाकीचे. मुखवटे काढायचे कोणाला सुचले नाही. फादर मध्ये उभे होते आणि त्यांचा चेहरा ओर्मिदासपेक्षा पांढरा झाला होता. वियातेरने ट्रक आणला. मी आणि ग्राझिएलाने ओर्मिदासचे डोके मांडीवर घेतले. पाय धरायला जोझाफा चढले.

शहरातल्या रुग्णालयाच्या दारात नर्स असलेल्या एका सिस्टरने आधी आजाऱ्याकडे आणि मग त्याचे पाय धरून आलेल्या सैतानाकडे बघितले. “हे बाहेर थांबतील,” ती म्हणाली. पण धावपळीत जोझाफा आत आलेच, आणि व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या शेजारी बसले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी ओर्मिदासच्या बोटातून रक्त घेतले, लगेच शिरेतून काहीतरी चढवायला लावले, आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. तोवर ओर्मिदासने डोळे उघडून बटाटा मागितला होता.

“यांच्या रक्तात साखर जवळजवळ उरलीच नव्हती,” डॉक्टर म्हणाले.

“आत्ता तर खाल्ली,” जोझाफा म्हणाले. “माझ्यासमोर. दोन काड्या.”

“म्हणूनच.”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला शिकवत की साखर हे शरीराचे सरपण आहे. सरपण घातल्यावर चूल विझते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणून पुढचे मी लक्ष देऊन ऐकले आणि घरी येऊन लिहून ठेवले. डॉक्टर म्हणाले की आपण खातो ती साखर, मग ती उसाची असो की मेपलची, दोन साखरांची जोडगोळी असते. आतड्यात ती जोडी सुटते. त्यातली एक रक्तातून सगळीकडे जाते आणि जो तो अवयव ती वापरतो. दुसरी, जी मधात आणि फळांत असते, ती मुख्यतः यकृताकडे येते आणि यकृत तिचे तुकडे करून मार्गी लावते. ओर्मिदासच्या यकृतात ते तुकडे करणारे हत्यारच जन्मापासून नाही. त्यामुळे ही दुसरी साखर तिथे अर्धवट अडकून बसते, आणि नुसती बसत नाही तर यकृताने साठवून ठेवलेल्या चांगल्या साखरेचीही वाट बंद करते. माणूस गोड खातो आणि साखरेवाचून कोसळतो. युरोपातल्या काही घराण्यांत हे आढळले आहे, असे त्यांच्या प्राध्यापकांनी सांगितले होते. प्रत्यक्ष असा रोगी त्यांनी आजच पाहिला, आणि त्यांना झालेला आनंद ते नीट लपवू शकले नाहीत.

“अजून दोन-तीन काड्या दिल्या असत्या तर निभावलं नसतं,” ते म्हणाले. “कोणी दिला त्यांना पाक?”

जोझाफांनी मान खाली घातली, आणि शिंगे डॉक्टरांच्या दिशेने झाली.

ग्राझिएलाने दातांचे विचारले. डॉक्टर म्हणाले की दात किडवणारे जंतू साखरेवर जगतात, यांच्या तोंडात त्यांची उपासमार होते, आणि असे दात त्यांनी पुस्तकातही पाहिले नव्हते. मग जोझाफांनी हळूच विचारले की या माणसाला जन्मात गोड असे काहीच नाही का.

“दुधातली साखर चालते. बटाटा-पाव खाल्ल्यावर पोटात त्याची जी साखर होते तीही चालते. आणि मक्याचा पाक. त्यात ती दुसरी साखर नसते.”

मक्याचा पाक हे शब्द आमच्या गावात मुलांसमोर उच्चारत नसत. मेपलच्या डब्यांत तो मिसळणाऱ्या एका व्यापाऱ्याला जोझाफांनीच एकदा रिकाम्या पिंपात बसवून गावाच्या वेशीपर्यंत गडगडत नेले होते. आता ते बाकावर बसून राहिले, आणि शेपटी त्यांनी उचलून मांडीवर घेतली.

पुढच्या रविवारी फादरांनी प्रवचनातून तो दाखला वगळला. लोकांनी ठरल्या जागी वळून ओर्मिदासकडे बघितलेच.

एवढे झाल्यावर दातांचा विषय मिटेल असे मला वाटले होते. पण जोझाफा शब्दाचे पक्के. त्यांनी विचार केला आणि निरोप पाठवला, की पाक त्याने खाल्ला हे खरे, पण पोटात ठेवला नाही, तेव्हा खाल्ला असे म्हणता येत नाही. आपल्या अटीतले एक गेले, दुसरे उरले. ईस्टरनंतरच्या मंगळवारी दंतवैद्याकडे वेळ घेतली होती. ओर्मिदासने हे ऐकून घेतले आणि त्या आठवड्यात तो सारखा काहीतरी चावत राहिला: पावाची कडा, चामड्याचा पट्टा, दोरी. विचारले तर म्हणाला, “वापरून घेतो, वहिनी.”

ईस्टरचे जेवण लेसारांकडे होते. सगळ्या मुली, पाचही जावई, आम्ही दोघे, ओर्मिदास. जोझाफांनी प्रार्थना म्हटली आणि मांस कापायला सुरी उचलली. तेवढ्यात ग्राझिएलाने तोंडातली कवळी काढली, रुमालाने पुसली, आणि वडिलांच्या ताटाशेजारी ठेवली.

“हे तुमचे, बाबा,” ती म्हणाली. दात नसल्याने शब्द थोडे ओले येत होते, पण सगळे कळत होते. “त्याचे काढलेत तर मी अशीच लग्नाला उभी राहीन. फोटोलाही.”

जोझाफा फोटोचे ऐकून थांबले. “दात घाल, ग्राझिएला. लोक काय बोलतील?”

“ते बोलू देत. मला मात्र बोलणं जड जातंय, तेव्हा लवकर ठरवा.”

कोणी जेवेना. थोरल्या जावयाने, ज्याच्या मापाची कवळी तयार होऊन आली होती, त्याने इकडेतिकडे बघितले आणि आपलीही काढून टेबलावर ठेवली. का, ते त्याने त्या दिवशी किंवा नंतर कधीही सांगितले नाही. त्याची बायको रडू लागली. जोझाफा टेबलावरच्या दोन हसण्यांकडे बघत बसले. त्यांच्या हातातली सुरी तशीच होती.

शेवटी ते ओर्मिदासला म्हणाले, “दिलेला आहेर मी परत घेत नाही.”

“नका घेऊ, काका.”

“आहेर घ्यायचा असतो. वापरायचा की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.”

ओर्मिदासने यावर बराच विचार केला. “चालेल,” तो म्हणाला. ग्राझिएलाने दात तोंडात घातले आणि सर्वांना मांस वाढले.

५ मे रोजी लग्न लागले. आहेराच्या टेबलावर ब्लँकेटे आणि इस्त्री यांच्या मधोमध, काचेच्या वाडग्यात, ओर्मिदासचे दात मांडले होते. फादरांनी सगळ्या आहेरांवर पवित्र पाणी शिंपडले, त्यांच्यावरही. फोटोच्या वेळी जोझाफांनी सहाव्या जावयाला तोंड मिटून ठेवायला सांगितले, नाहीतर पाचांमध्ये तो वेगळा दिसला असता. ओर्मिदास पुढे ऐंशी ओलांडून गेला, आणि शेवटच्या हिवाळ्यातही बाटल्यांची बुचे दातांनी उघडत होता. पण घरात त्याचा फोटो मागितला की तोच येतो, ओठ घट्ट मिटलेला.

लेसारांच्या लग्नात सासऱ्याने जावयाच्या पावावर स्वतःच्या रानातला पाक ओतायचा असतो. तो क्षण आला तेव्हा सगळे गाव श्वास रोखून उभे राहिले. रुग्णालयातले बोलणे आमच्यापुरतेच होते. गावाच्या हिशेबी हा अजूनही देवाने एकदा आडवा पाडलेला माणूस होता. जोझाफा फडक्यात गुंडाळलेले पाकाचे भांडे घेऊन आले. मी जवळ होते, आणि मला मेपलचा वास आला नाही. नंतर ग्राझिएलाने सांगितले की वडील त्या आठवड्यात, आपल्याला कोणी ओळखत नाही अशा गावी, कोटाची कॉलर वर करून, वाण्याकडे गेले होते.

ओर्मिदासने वासाची खात्री केली आणि घास घेतला. चौतीस वर्षांत जिभेला चाललेले पहिले गोड. तो सावकाश चावत राहिला. जोझाफांचा हात भांड्यावर घट्ट होता.

“कसा आहे?” त्यांनी खालच्या आवाजात विचारले.

“बरा आहे, काका.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या, फिडल सुरू झाले, आणि जोझाफा खुर्चीत बसून कपाळ पुसू लागले. ओर्मिदास माझ्याकडे वाकला.

“वहिनी, एवढ्यासाठी अख्ख्या गावानं दात घालवले?”

मी त्याला सांगितले की मेपलचा याहून पुष्कळ चांगला लागतो. त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि उरलेला पाव ग्राझिएलाला दिला.

संध्याकाळी घरी येऊन मी लिहिले: पांढऱ्या टेबलक्लॉथवर लोणच्यातल्या बिटाचा डाग पडला आहे. थंड पाण्यात भिजत घातला.